बावन्नाव्या वर्षी पियानो: डाव्या हाताची कैफियत आणि काही फायदे

सांगलीचा भाता (धागाकर्ता), रविवार, रात्री १०:४०

मंडळी, गेले अकरा महिने मी पियानो शिकतोय. वय ५२, बँकेत नोकरी, दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला पेटी. पेटी कुणाकडे रीतसर शिकलो नाही. वडील वाजवायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि उचलली. बुवा काळी एक म्हणोत की पांढरी चार, गवळण त्या पट्टीत धरतो, अडत नाही. त्यामुळे पियानो म्हणजे लांबलचक, बिनभात्याची पेटी, महिन्या-दोन महिन्यांत हाताखाली येईल, अशी माझी भाबडी समजूत होती.

पहिल्याच तासाला मॅडम (वय २६, पुण्याहून ऑनलाइन शिकवतात) म्हणाल्या, "काका, आता डावा हात." मी डावा हात पट्ट्यांवर ठेवला. ठेवला तो तसाच राहिला. लग्नात आहेर घेऊन उभ्या राहिलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा. चाळीस वर्षं या हाताने फक्त भाता मारलाय हो! उजवा हात मैफलीतला कलाकार आणि डावा नुसता पाणक्या. त्या पाणक्याला आता कुणीतरी म्हणतंय, बस गादीवर आणि गा.

बरं, दोन हातांचं गणितही उलटं. दोन्हीकडे अंगठा एक नंबर. म्हणजे सा पासून वर चढताना उजवीकडे बोटं १-२-३-४-५ आणि डावीकडे ५-४-३-२-१. लिपीतही तीच गंमत. उजव्या हातासाठी वरच्या पाच रेघा, डाव्यासाठी खालच्या पाच. मधल्या सी ला, म्हणजे आपल्या पांढरी एकला, सा धरलं तर वरच्या संचातली सगळ्यात खालची रेघ ग आणि खालच्या संचातली सगळ्यात खालची रेघ प! दिसायला ठिपका तोच. पहिले दोन महिने मी डाव्या हाताने निव्वळ चुकीचं गाणं अगदी बिनचूक वाजवत होतो.

दोन्ही हात एकत्र यायला चौथा महिना उजाडला. सोळा बारचा (बार म्हणजे लिपीतला तालाचा एक कप्पा) लहान मुलांचा तुकडा, पण त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून ऐकवला. ती म्हणाली, "छान आहे, पण संपला कधी ते कळलं नाही."

ऑफिसात सगळे विचारतात, याचा फायदा काय? मला जाणवलेलं सांगतो. एक म्हणजे दोन्ही हात चालू असले की तिसरा विचार शिरायला जागाच राहत नाही. थकीत कर्जांची यादी मी देवळातसुद्धा डोक्यात घेऊन बसायचो. पेटीवर सरावाचा अभंग चालू असताना ती यादीही समांतर चालू असायची. पियानोवर यादी आली की चौथ्या बारला आपटलोच. दुसरं म्हणजे कान बदलले. जुनी हिंदी गाणी पन्नास वर्षं ऐकली, पण गाण्याखाली खर्जात आणखी एक चाल चाललेली असते हे आत्ता कळलं. आणि तिसरं, पंचवीस वर्षांत मला तोंडावर "चूक" असं कुणी म्हणालं नव्हतं. मॅडम अर्ध्या तासात तीसदा म्हणतात. पहिल्या महिन्यात राग यायचा. आता शाखेतल्या नव्या पोरांवर मी जरा कमी डाफरतो, असं शिपाई सांगतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

मूर्खपणाही कबूल करतो. आधी ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड घेऊन बसलो. "साहेब, हाच पियानो," असं दुकानदार म्हणाला होता. पैसे पाण्यात. मग जुना ८८ पट्ट्यांचा डिजिटल घेतला.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी शिकलंय का? काय मिळालं? काय दुखलं?

---

रेवा, रविवार, रात्री ११:०५

वाचतेय. वाचनखूण साठवली. पाणक्याला दंडवत.

---

श्रुतिधर, सोमवार, सकाळी ७:१२

शुभेच्छा आहेत, पण एक विचारतो. घरात पेटी आहे, कान तयार आहे, मग हा खटाटोप कशाला? पियानोचे बारा स्वर समान अंतरावर ठोकून बसवलेले. तंबोरा नीट लागला की त्यातून जो आपसूक गांधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पियानोचा गांधार जवळजवळ १४ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे १०० सेंट) चढा असतो. मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (सुराचं झुलणं) नाही. दरबारी रागाचा गांधार कुठून काढणार? याच कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. मोठेपणी शिकायचंच तर गळ्याने शिका. गळा फुकट आहे आणि पावसाळ्यात फुगत नाही.

---

सांगलीचा भाता, सोमवार, सकाळी ९:३०

श्रुतिधरजी, माझी पेटीही त्याच बारा ठोकळ्यांवर जुळवलेली आहे, आणि तुमचे बुवा तिच्याच साथीत दरबारी गातात! गांधाराची तक्रार मान्य. खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात सी-ई-जी एकत्र दाबलं तेव्हा कानाला काहीतरी टोचलंच होतं. पण मला पियानोवर दरबारी वाजवायचा नाहीये. मला डावा हात हवाय. गळ्याचं म्हणाल तर आमच्या सोसायटीत एकदा मतदान घ्यावं लागेल.

---

ठाणेकर काकू, सोमवार, दुपारी २:१५

मी ६७. निवृत्तीनंतर सुरू केलं, तिसरं वर्ष चालू आहे. कामाचं तेवढं सांगते.

पट्ट्यांना वजन हवंच. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याची हातोडी तारेवर जाते. हळू दाबलं तर हळू आवाज, जोरात दाबलं तर मोठा. पेटीत आवाज भात्याच्या हातात असतो, इथे प्रत्येक बोटाच्या हातात. हलक्या कीबोर्डवर शिकलात तर बोटांना ते कधी कळणारच नाही. वजनदार पट्ट्यांचा साधा डिजिटल साधारण चाळीस-पन्नास हजारांच्या घरात पडतो. जुना मिळाला तर सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून वाजवून बघा, आधी हळू, मग जोरात.

हेडफोन लावलेत म्हणजे शेजाऱ्यांची कटकट संपली असं नाही. मी दीड वर्ष रात्री हेडफोन लावून खुशाल वाजवत होते. मग खालच्या मजल्यावरचे जोशी विचारायला आले, "काकू, रोज रात्री सुपारी फोडता का?" पट्ट्यांची धडधड स्टँडमधून लादीत उतरते. आता स्टँडखाली जाड रबर आहे आणि जोशींना दिवाळीला चकल्या जास्त जातात.

सराव रोज वीस मिनिटं, रविवारी तीन तास नाही. आणि कालचा अडलेला तुकडा आज सकाळी आपोआप सुटलेला असतो, हा अनुभव मला इतक्यांदा आलाय की आता अडलं की मी सरळ झोपायला जाते.

---

चिकित्सक चिंतामणी, सोमवार, रात्री ८:५०

धागा छान. फक्त "पियानो शिका, स्मृतिभ्रंश टाळा" छापाचे व्हॉट्सॅप फॉरवर्ड इथे यायच्या आत थोडं गार पाणी ओततो.

अभ्यास झालेले आहेत, आणि काही चांगलेही आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत ६० ते ८५ वयाच्या ३१ जणांवर एक प्रयोग छापून आला. निम्म्यांना सहा महिने एकेकट्याने पियानो शिकवला, बाकीच्यांना नाही. शिकलेल्यांचा लक्ष देण्याच्या आणि वेगाने आकडे-खुणा जुळवण्याच्या चाचण्यांत निकाल सुधारला. पण ३१ म्हणजे एका एसटीतही जागा उरेल. शिवाय दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं, मग फायदा पियानोचा की दर आठवड्याला कुणीतरी आस्थेने शिकवतं याचा?

म्हणून मला २०२३ मध्ये छापलेला जिनिव्हा-हॅनोव्हरचा प्रयोग जास्त पटतो. ६२ ते ७८ वयाचे १३२ निवृत्त लोक, आधी संगीत न शिकलेले. निम्मे सहा महिने पियानो शिकले, निम्मे तेवढाच काळ संगीत डोळसपणे ऐकायला शिकले. दोन्ही गटांची कामचलाऊ स्मृती सुधारली. म्हणजे एखादा फोन नंबर डायल करेपर्यंत डोक्यात धरून ठेवतो ना, ती. मेंदूच्या काही भागांत करडं द्रव्यही वाढलेलं दिसलं. फरक एका जागी पडला: उजवीकडचा ऐकण्याचा मुख्य भाग पियानोवाल्यांत टिकून राहिला, नुसतं ऐकणाऱ्यांत आक्रसला. आणि संशोधक स्वतःच म्हणतात की यावरून मेंदू तरुण होतो असं म्हणता येणार नाही, काही ठरावीक भागांतली झीज तेवढी थोपली.

लहान मुलांबाबत तर "संगीताने हुशारी वाढते" हा दावा नीट नियंत्रण गट (तुलनेसाठी ठेवलेला गट) असलेल्या प्रयोगांत जवळपास विरघळतो. तेव्हा गणितात मार्क पडावेत म्हणून पोराला पियानोला बसवू नका. गणिताला बसवा.

धागाकर्त्याने सांगितलेले तीन फायदे मात्र मला सगळ्या आलेखांपेक्षा खरे वाटले. विशेषतः शिपायाची साक्ष.

---

मुक्ता, सोमवार, रात्री ९:२०

चिंतामणीकाका, इतकं गार पाणी ओतून शेवटी अभिषेकच केलात की. हलके घ्या.

---

हाडवैद्य, मंगळवार, सकाळी ६:५५

मी फिजिओ आहे. मोठेपणी वाद्य सुरू केलेले लोक माझ्याकडे येतात ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. उत्साह भरात असतो आणि स्नायूबंध अजून तयार नसतात.

आधी एक गंमत करून बघा. पंजा टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट आत दुमडून ठेवा. आता अंगठा उचला, तर्जनी उचला, करंगळी उचला. आणि आता अनामिका उचला.

नाही ना उचलली? तुमची चूक नाही. बोटं वर उचलणारे स्नायूबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि अनामिका त्यात सगळ्यात जास्त बांधलेली. सरावाने ती थोडी मोकळी होते, पण तर्जनीसारखी कधीच होत नाही. तिला जबरदस्तीने "स्वतंत्र" करायला जाऊन माणसं हात दुखवून घेतात. शुमानसारख्या थोर जर्मन संगीतकाराचा उजवा हात तरुणपणीच गेला आणि वादक व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. आपण तर भजनी मंडळातले.

बसताना कोपर पट्ट्यांच्या उंचीवर हवं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुतेक वेळा बुटकी पडते आणि मग खांदे कानाला लागतात. मनगट मोकळं ठेवा. पेटीवाल्यांची खास खोड म्हणजे पट्टी दाबून धरताना जोर लावत राहणं. पियानोत हातोडी तारेला लागून मागे फिरली की नंतर कितीही दाबा, आवाजात काही फरक पडत नाही. पट्टी खाली राहील एवढाच भार पुरे, बाकीचा जोर नुसता मनगट खातो.

साखर असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. सकाळी बोट वाकलेलं राहतं आणि कट्‌ करून सुटतं, असं होऊ लागलं तर सराव थांबवून दाखवून या. मधुमेहात हे बोट अडकणं जास्त दिसतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तरी तेच.

फायदा विचाराल, तर साठीच्या पुढच्या ज्यांचे हात फक्त मोबाईलवर अंगठा फिरवण्यापुरते उरलेत, त्यांना दहा बोटं वेगवेगळी हलवायचं निमित्त मिळतं. चेंडू दाबायला सांगितला की चार दिवसांत कंटाळतात. पियानो कुणी त्या कारणाने सोडलेला पाहिला नाही.

---

सांगलीचा भाता, मंगळवार, सकाळी १०:०५

आत्ता कॅश काउंटरवर तिघांनी एकदम पंजे टेबलावर ठेवलेत. ग्राहक थांबलेत. अनामिका कुणाचीच उचलत नाहीये.

---

नाटकवेडा, मंगळवार, दुपारी ४:३०

भातेवाले, तुमचा पाणक्या वाचून जुनं काही आठवलं.

आमचे वडील नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. पायपेटी म्हणा हवं तर. गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर ऑर्गनला मान दिला, तो पुढे कितीतरी वर्षं टिकला. तुम्ही म्हणता डावा हात भात्यात अडकतो. तिथे भाता पायाखाली! दोन्ही पाय आळीपाळीने चालत आणि दोन्ही हात मोकळे. उजवा हात नटाच्या मागे सावलीसारखा, डावा खर्जात सूर धरून बसलेला. नटाने तान घेऊन भलतीकडेच उडी मारली की वडिलांचा डावा हात त्याची वाट बघत सा वर थांबायचा. मी विंगेत बसून तो हातच बघत असे. गाणं मला त्या हाताच्या बाजूने पाठ आहे.

म्हणजे दोन हातांनी वाजवणं काही साहेबाकडून उसनं आणायला नको. आपल्याच रंगभूमीवर होतं, आपणच विसरलो.

मी शिकलो नाही. वडील म्हणत, आधी मॅट्रिक हो. मॅट्रिक झालो, मग नोकरी, मग राहिलंच. ऑर्गन अजून घरी आहे. भात्याचं कापड उंदरांनी खाल्लंय, मधल्या सप्तकातले चार-पाच सूर मुके आहेत. अशी दुरुस्ती कुणी करतं का हो हल्ली?

---

सांगलीचा भाता, मंगळवार, संध्याकाळी ६:१०

नाटकवेडा काका, मिरज आमच्या दाराशी आहे. तिथली ख्याती तंबोरे-सतारींची, पण पेटी उघडून स्वरपट्ट्या घासणारे एक गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. पायपेटीला हात लावतात का, विचारून कळवतो. मागच्या फळीचे आणि भात्याचे फोटो पाठवून ठेवा. आणि मुके सूर म्हणजे बऱ्याचदा नुसती धूळ अडकलेली असते, लगेच धीर सोडू नका.

---

फोंड्याची पोर, मंगळवार, रात्री १०:००

मी ३८. शेजारच्या आंटीकडे शिकते, दोन वर्षं झाली. आंटी ७४ वर्षांच्या. पहिले तीन महिने मला पियानोला हातच लावू दिला नाही! आधी सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर बघून, हाताने ताल देत, तोंडाने म्हणायचे. पोर्तुगीज काळात इथे चर्चच्या शाळांत पोरांना असंच शिकवत, आधी सूर वाचायला आणि मग व्हायोलिन. त्या वाचनाच्या जोरावर गोव्याची माणसं मुंबईच्या स्टुडिओत गेली. शंकर-जयकिशनची वाद्यरचना लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. साठ-साठ वादक समोर बसायचे आणि प्रत्येकापुढे लिहिलेला कागद.

मला विचाराल तर मोठेपणी शिकण्यातला सगळ्यात मोठा लाभ हाच, वाचता येणं. मी हिंदू घरातली, भजन-फुगड्या ऐकून वाढले, सगळं कानाने उचललेलं. अडतिसाव्या वर्षी परत बाराखडीला बसले. आणि एक दिवस आंटींच्या कपाटातला, मी कधीच न ऐकलेला एक कागद समोर ठेवला आणि अडखळत का होईना, त्यातून सूर निघाला. लिहिणारा माणूस कधीचा गेलाय, मला त्याची भाषा येत नाही, आणि तरी माझी बोटं त्याला हवी तिथेच पडतायत. अंगावर काटा आला. आंटी आतून ओरडल्या, "सवकास, बाय, सवकास."

आणि श्रुतिधर काका, पावसाळ्याचं अगदी बरोबर बोललात. आंटींचा पियानो खरा, लाकडी, तारांचा. जूनपासून लाकूड दमट होऊन फुगतं, पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात, सूर चढतात. म्हणून पावसाळाभर आत झिरोचा बल्ब पेटता ठेवतात. आमच्याकडे लाईट गेली की आंटी आधी फ्रीज बघत नाहीत, पियानो बघतात. वर्षातून दोनदा सूर लावणारा येतो. कोकणपट्टीवर राहणाऱ्यांनी हौसेने जुना लाकडी पियानो घ्यायच्या आधी त्याला विचारावं. डिजिटलला हे काही नाही, पण तो सावंतवाडीच्या लाकडी फळांसारखा. दिसतो हुबेहूब.

---

अटलांटिकपार, बुधवार, पहाटे ५:४५

न्यू जर्सीहून. मुलीला क्लासला सोडून गाडीत बसून राहायचे. एक दिवस बाई म्हणाल्या, तूच का शिकत नाहीस? वय ४४.

फायदा राहू दे, आधी फजिती ऐका. वर्षअखेरीस सगळ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असतो. वयाप्रमाणे नाही, पातळीप्रमाणे क्रम. माझ्या आधी सात वर्षांचा मुलगा, माझ्या नंतर सहा वर्षांची मुलगी, जिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी साडी नेसून, दोघांच्या मध्ये. ऑफिसात मी दोनशे लोकांसमोर न घाबरता बोलते. इथे डावा गुडघा असा उडत होता की पेडलची गरजच पडली नाही. त्या सात वर्षांच्या पठ्ठ्याने चुकल्यावर खांदे उडवले, परत सुरुवातीपासून वाजवलं, वाकून नमस्कार केला आणि बिस्किटं खायला पळाला. मी एका चुकीच्या सुरासाठी आठवडाभर झोपले नाही.

मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर येतं म्हणतात. बोटांचं असेलही, पण त्यांना चुकीची लाज नसते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमचे कान आमच्या हातांच्या वीस वर्षं पुढे असतात. काय वाजायला हवं ते आम्हाला ऐकू येत असतं, आणि वाजतं भलतंच. ते अंतर रोज सोसावं लागतं.

आता घरात मी सराव करताना मुलगी स्वयंपाकघरातून ओरडते, "आई, डावा हात झोपला!" मराठीतून ओरडते, हा माझा खरा फायदा. एरवी तिच्याशी मराठी बोलायला विषय शोधावे लागतात.

---

ठाणेकर काकू, बुधवार, सकाळी ११:३०

अटलांटिकपार, मी मागच्या वर्षी लंडनवाल्यांच्या परीक्षेला बसले, पहिली ग्रेड. अशा एकूण आठ असतात आणि वयाची अट नाही. बाहेरच्या बाकावर सगळी पोरं आणि त्यांच्या आया. एक आई मला म्हणाली, "नातीला आणलंत का?" मी म्हटलं, "नातीने आणलंय मला." पास झाले. परीक्षा द्यायलाच हवी असं नाही, पण तारीख ठरली की आमच्यासारखे आळशी सरावाला बसतात.

---

श्रुतिधर, बुधवार, रात्री ९:१५

नाटकवेड्यांचा प्रतिसाद वाचून कालपासून गप्प बसलो होतो. मी पेटी शिकवतो. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या डाव्या हाताकडे बघितलेलं आठवत नाही.

भातेवाले, माझ्याकडून एक धडा घ्या. मॅडमच्या पुस्तकात नसेल.

पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. फक्त पाच काळ्या, सी च्या लगेच उजवीकडची ती काळी एक. काळी तीनला सा माना आणि वर चढा: सा रे ग प ध. भूप झाला. पट्ट्या त्याच ठेवून काळी एकला सा माना: सा रे म प ध. दुर्गा. काळी दोनला सा माना: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी. काळी चारवरून मधमाद सारंग, आणि काळी पाचवरून सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. मालकंस! पाच पट्ट्या, पाच राग. मूर्च्छना म्हणतात ती हीच, पुस्तकात वाचून कुणाला कळत नाही, इथे डोळ्यांना दिसते.

आता तुमचा पाणक्या. पहिल्या चार रागांत डाव्या हाताने खाली सा आणि प धरा, करंगळी सा वर, अंगठा प वर. ते दोन्ही सूरही काळ्या पट्ट्यांवरच सापडतील, तपासून बघा. मालकंसात पंचम नाही, तिथे सा आणि म धरा. आधी नुसतं धरून ठेवा. मग दर चार मात्रांनी परत वाजवा. मग सा आणि प आळीपाळीने. उजव्या हाताला वाटेल ते फिरू द्या, या पट्ट्यांत चुकायला जागाच नाही. चुकायची भीती गेली की डावा हात आपोआप ऐकायला लागतो. करून सांगा.

गांधार तरीही चढाच आहे, हे नोंदवून ठेवतो.

---

फोंड्याची पोर, बुधवार, रात्री ९:४०

आत्ता करून आले. काळी पाचवरून मालकंस!! आंटी विचारतायत हा कुठला कॉम्पोझर.

---

चिकित्सक चिंतामणी, बुधवार, रात्री १०:०२

नियंत्रण गट म्हणून मी माझ्या पुतणीच्या खेळण्यातल्या कीबोर्डवर केलं. चालतं. श्रुतिधर, वेगळा धागा काढा, पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

सांगलीचा भाता, अकरा दिवसांनी, रविवार, रात्री ९:५०

अहवाल देतो.

श्रुतिधरजींचा धडा रोज वीस मिनिटं. भूप आणि दुर्गा दुसऱ्या दिवशी लागले. धानीत डावा हात उजव्याच्या मागे पळायचा, तो चार दिवसांनी जागेवर बसला. मालकंस काल रात्री. दिवा बंद करून वाजवत होतो. उजवा हात कुठेतरी वर गेला, परत यायचा रस्ता सापडेना, म्हणून थांबला. आणि डावा चालूच राहिला. सा, म, सा, म. मी सांगितलं नव्हतं. तो आपला उजव्याची वाट बघत होता. नाटकवेडा काका, तेव्हा तुमचे वडील आठवले, आणि मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

मिरजेचे गृहस्थ पायपेटी बघायला तयार आहेत. फोटो पाहून म्हणाले, भाता नवा करावा लागेल, सूर जिवंत असावेत. व्यक्तिगत निरोप केलाय.

मॅडमना मालकंस ऐकवला. त्या म्हणाल्या, "काका, सुंदर. आता पान सतरा." पान सतराला अजून तसाच आपटतोय.

गुरुवारी देवळात मात्र घोटाळा झाला. पेटीवर बसलो, गजर सुरू झाला, आणि भात्यावर डाव्या हाताची बोटं चुळबुळायला लागली. भाता मारायचं सोडून फळीवर सा-प शोधतायत! मध्येच वारा कमी पडला, सूर बसला, बुवांनी वळून बघितलं. पखवाजवाला नंतर चप्पल घालताना हळूच विचारत होता, "हाताला काही झालंय का? डॉक्टरला दाखवलं का?"

आता एक प्रश्न. पान सतरापासून पेडल आहे आणि ते गुळगुळीत लादीवर पुढे पुढे सरकत भिंतीला जाऊन टेकतं. मीही त्याच्या मागे मागे सरकत जातो. तुम्ही काय करता?

---

ठाणेकर काकू, रविवार, रात्री १०:१०

जुनी योगा मॅट. कापून घाला, खरखरीत बाजू खाली. आणि खुर्चीचे पुढचे दोन पायही त्याच मॅटवर येऊ देत, म्हणजे तुमचंच वजन तिला धरून ठेवेल.